तरंगांना वळण लावणारी द्रव्ये

बांबू एकच असतो. पण बुरुडाच्या हातून त्याचे सूप होते, टोपली होते आणि कणगीही होते. सुपाने धान्य पाखडता येते, ते काम कणगी करीत नाही. कणगीत वर्षाचे धान्य राहते, ते सुपात मावत नाही. द्रव्य तेच, पण विणीप्रमाणे गुण निराळे. रसायनशास्त्रही हाच धडा देते. कार्बनचे अणू एका मांडणीत मऊ, काळे ग्रॅफाइट बनतात आणि दुसऱ्या मांडणीत हिरा बनतात.

गेल्या काही दशकांत भौतिकशास्त्रज्ञांनी हा जुना धडा एका नव्या क्षेत्रात, म्हणजे प्रकाश आणि रेडिओ तरंगांच्या क्षेत्रात, लागू केला आहे. तांबे, चांदी, काच यांसारख्या परिचित पदार्थांची अतिशय सूक्ष्म व नियमित मांडणी केली, तर त्या मांडणीत तरंग अशा रीतीने वागतात की निसर्गात आढळणाऱ्या कोणत्याही साध्या पदार्थात ते तसे वागत नाहीत. अशा रचित द्रव्यांना ‘मेटामटेरियल’ असे नाव आहे. ‘मेटा’ या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘पलीकडचे’ असा आहे. हे नाव १९९९ च्या सुमारास रूढ झाले. कल्पना मात्र त्याहून बरीच जुनी आहे.

वृत्तपत्रांतून या विषयाचा उल्लेख बहुधा ‘अदृश्य करणारे वस्त्र’ अशा चमत्कारिक शब्दांत होतो. त्यामुळे एकीकडे अवास्तव अपेक्षा निर्माण होतात, तर दुसरीकडे या संशोधनाचे खरे महत्त्व झाकले जाते. विज्ञान शिकवणारे शिक्षक, नव्या साधनांच्या खरेदीचे निर्णय घेणारे अधिकारी आणि ज्यांच्यापुढे भ्रमणध्वनीच्या मनोऱ्यांचे प्रश्न येतात असे पंचायत सदस्य या सर्वांना या विषयाची मूळ कल्पना समजणे उपयुक्त ठरेल. ती समजण्यास अवघडही नाही.

तरंग आणि द्रव्य

प्रकाश, रेडिओ तरंग, रडारचे तरंग आणि क्ष-किरण ही सर्व एकाच कुळातील, म्हणजे विद्युतचुंबकीय तरंगांची रूपे होत. त्यांच्यातील फरक तरंगलांबीचा. तरंगाच्या एका माथ्यापासून दुसऱ्या माथ्यापर्यंतचे अंतर म्हणजे तरंगलांबी. आकाशवाणीच्या मध्यम लहरींची लांबी शेकडो मीटर असते, भ्रमणध्वनीच्या तरंगांची काही सेंटीमीटर असते, तर डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर असते. एका मिलिमीटरात दहा लाख नॅनोमीटर मावतात, हे लक्षात घेतले म्हणजे प्रकाशाच्या तरंगांचा बारीकपणा ध्यानी येईल.

एका पदार्थातून दुसऱ्यात तिरपे शिरताना तरंग वळतो. पाण्यात बुडवलेली काठी वाकडी दिसते, ती यामुळेच. जुन्या पाठ्यपुस्तकांत यास वक्रीभवन म्हणत, आता अपवर्तन म्हणतात. याचे कारण समजण्यासाठी पंढरीच्या वाटेवरील दिंडी डोळ्यांपुढे आणावी. वारकऱ्यांची एक सरळ रांग डांबरी रस्त्यावरून चिखलाच्या शेतात तिरपी उतरते आहे. रांगेचे जे टोक आधी चिखलात जाते त्याची गती मंदावते. दुसरे टोक अजून रस्त्यावरच वेगाने चालत असते. परिणामी सारी रांग आपोआप वळते. काचेत किंवा पाण्यात प्रकाशाचा वेग कमी होतो, म्हणून तोही असाच वळतो. हे वळण किती होईल ते त्या पदार्थाच्या वक्रीभवनांकावरून ठरते. पाण्याचा वक्रीभवनांक सुमारे १.३३ आणि साध्या काचेचा सुमारे १.५ आहे.

हा अंक कोठून येतो? तरंग पदार्थात शिरला म्हणजे त्यातील विद्युतभार त्याच्या तालावर डोलू लागतात आणि स्वतःचे तरंग सोडतात. मूळ तरंग व हे नवे तरंग मिळून जो एकत्रित परिणाम होतो, त्यास आपण पदार्थाचा गुण म्हणतो. येथे महत्त्वाची गोष्ट अशी की, प्रकाशाच्या तरंगलांबीपुढे अणू इतका लहान असतो की तरंगाला एकेक अणू वेगळा जाणवत नाही. त्याला जाणवतो तो असंख्य अणूंचा सरासरी प्रतिसाद.

मग एक प्रश्न साहजिकच उभा राहतो. तरंगाला अणू वेगळे जाणवत नसतील, तर अणूंच्या जागी आपण घडवलेले लहान तुकडे ठेवले तर? ते तुकडे तरंगलांबीच्या मानाने पुरेसे लहान असले, तर तरंग त्यांनाही एकसंध पदार्थच मानील. मेटामटेरियलची सारी इमारत या एका प्रश्नावर उभी आहे.

जाळीचा धडा

तरंग आपल्याहून बारीक रचनेला एकसंध मानतो, याचा भव्य पुरावा आपल्या महाराष्ट्रातच उभा आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. तिच्यात प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. जवळ जाऊन पाहिले असता या तबकड्या पत्र्याच्या नाहीत असे दिसते. त्या पोलादाच्या बारीक तारांच्या जाळीच्या आहेत आणि जाळीची छिद्रे १० ते २० मिलिमीटरची आहेत. या छिद्रांतून वारा जातो, ऊन जाते, पलीकडचे आकाशही दिसते. परंतु दुर्बीण ज्या तरंगांचा वेध घेते, त्यांची लांबी सुमारे २ मीटरपासून २१ सेंटीमीटरपर्यंत असते. त्या तरंगांना छिद्रे जाणवतच नाहीत. त्यांच्या दृष्टीने ती जाळी म्हणजे अखंड आरसा होय. जाळीमुळे तबकड्यांचे वजन व त्यांच्यावरील वाऱ्याचा भार कमी झाला आणि एवढी मोठी दुर्बीण बेताच्या खर्चात उभी राहू शकली.

हाच धडा स्वयंपाकघरातही पाहता येतो. मायक्रोवेव्ह भट्टीच्या दारात बारीक छिद्रांचा पत्रा असतो. आतील तरंग सुमारे १२ सेंटीमीटर लांबीचे असल्याने ते बाहेर येत नाहीत, पण प्रकाशाचे सूक्ष्म तरंग सहज बाहेर येतात व आतील पदार्थ दिसतो.

ही जाळी म्हणजे मेटामटेरियल नव्हे, कारण ती केवळ पत्र्याची जागा घेते. नवा गुण देत नाही. परंतु एकदा हे तत्त्व पटले की पुढचे पाऊल टाकता येते. जाळीच्या तारेला विशिष्ट आकार दिला, तर अखंड पत्र्यात नसलेला गुणही तिच्यात आणता येईल काय?

तागाचा पीळ

या दिशेने पडलेल्या पहिल्या पावलांपैकी एक भारतात पडले. जगदीशचंद्र बोस हे कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात अध्यापन करीत असताना अत्यंत आखूड रेडिओ तरंगांवर प्रयोग करीत होते. त्यांनी वापरलेल्या तरंगांची लांबी सुमारे ५ मिलिमीटरपर्यंत खाली आली होती. त्या काळी जगात फार थोड्या ठिकाणी असे काम चालू होते. तयार उपकरणे मिळत नसत, म्हणून हाताशी असलेल्या वस्तूंतून ती घडवावी लागत. रेल्वेच्या जाडजूड वेळापत्रकाच्या पानांमध्ये कथिलाचे पातळ पत्रे घालून त्यांनी तरंगांचे ध्रुवण करणारे साधन बनवले होते.

साखरेच्या द्रावणातून ध्रुवित प्रकाश गेला म्हणजे त्याच्या कंपनाची दिशा फिरते, हे तेव्हा ठाऊक होते. साखरेच्या रेणूच्या घडणीलाच एक प्रकारचा पीळ असतो, त्याचा हा परिणाम. बोस यांनी रेणूच्या जागी तागाच्या पिळलेल्या जुड्या वापरल्या. १८९८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी दाखवून दिले की, अशा जुड्यांतून जाताना रेडिओ तरंगांच्या कंपनाची दिशा फिरते आणि उजवा पीळ व डावा पीळ यांचे परिणाम परस्परविरुद्ध असतात. ताग तोच, पण पीळ बदलला की गुण बदलला.

मेटामटेरियलचा शोध बोस यांनी लावला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तो शब्द नव्हता व त्यामागील पुढचे गणितही नव्हते. परंतु रेणूचे काम हाताने घडवलेल्या मोठ्या रचनेकडून करून घेता येते, ही मध्यवर्ती कल्पना त्या प्रयोगात स्पष्ट आहे आणि आजचे संशोधकही तिचा आदराने उल्लेख करतात.

उलट प्रतिसाद

यानंतरचा मोठा टप्पा रशियात आला. मॉस्को येथील भौतिकशास्त्रज्ञ व्हिक्टर वेसेलागो यांनी १९६७ साली एक विचित्र वाटणारा प्रश्न विचारला. तरंगात विद्युत आणि चुंबकीय असे दोन भाग असतात. एखादा पदार्थ या दोन्ही भागांना उलट प्रतिसाद देणारा असेल, तर काय होईल?

‘उलट प्रतिसाद’ म्हणजे काय, हे कोणत्याही वर्गात दाखवता येईल. वीतभर दोऱ्याला लहानसा दगड बांधावा व दोऱ्याचे वरचे टोक हातात धरावे. हात हळूहळू डावीकडे-उजवीकडे हलवला तर दगड हाताबरोबर जातो. हात दगडाच्या स्वाभाविक तालाशी जुळला की दगड मोठमोठे झोके घेतो. यास अनुस्पंदन म्हणतात. हात त्याहून जलद हलवला तर मात्र दगड हाताच्या उलट जातो; हात उजवीकडे गेला की दगड डावीकडे. दगड तोच, दोराही तोच. केवळ ताल बदलल्याने प्रतिसाद उलटा झाला.

पदार्थातील विद्युतभारही असेच वागतात. धातूतील मुक्त इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या विद्युत भागाला असाच उलट प्रतिसाद देतात, म्हणून धातू प्रकाश आत येऊ देत नाही व चकाकतो. दोहोंपैकी एकच प्रतिसाद उलटा असेल, तर तरंग आत शिरू शकत नाही. परंतु दोन्ही उलटे असतील तर तो शिरतो आणि आत गेल्यावर नेहमीच्या विरुद्ध बाजूस वळतो, असे वेसेलागो यांचे गणित सांगत होते. वक्रीभवनांक ऋण होईल. अशा पदार्थाच्या सपाट पट्टीतूनही भिंगाप्रमाणे प्रतिमा मिळेल.

गणित निर्दोष होते, पण अडचण अशी की असा पदार्थच कोठे सापडत नव्हता. ज्या तालावर विद्युत प्रतिसाद उलटा होतो, त्याच तालावर चुंबकीय प्रतिसादही उलटा असणारे द्रव्य निसर्गाने दिलेले नव्हते. परिणामी तो निबंध सुमारे तीस वर्षे फारसा कोणी वाचला नाही.

प्रतीक्षेचा शेवट

लंडनच्या इंपिरियल कॉलेजातील जॉन पेंड्री यांनी ही कोंडी फोडली. रडारचे तरंग शोषणाऱ्या कार्बनच्या एका पदार्थाचा अभ्यास करताना त्यांच्या ध्यानी आले की, त्या पदार्थाचा गुण केवळ कार्बनमुळे नसून त्याच्या बारीक तंतूंच्या मांडणीमुळेही आहे. १९९६ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, अत्यंत बारीक तारांच्या जाळ्याने धातूचा उलट विद्युत प्रतिसाद प्रकाशाच्या तालावरून रेडिओच्या तालापर्यंत खाली आणता येतो. १९९९ साली त्यांनी दुसरा भाग पुरा केला. तांब्याच्या कड्याला एक फट ठेवली म्हणजे त्या कड्यात विद्युतप्रवाह ठराविक तालावर मागे-पुढे खेळू लागतो, आणि फिरणारा प्रवाह म्हणजेच चुंबक. तांबे स्वतः चुंबकीय नाही; पण अशा फटीच्या कड्यांची रांग लावली की त्या रांगेला चुंबकीय प्रतिसाद प्राप्त होतो आणि योग्य तालावर तो उलटाही होतो.

तारा आणि कडी एकत्र मांडणे एवढेच आता उरले होते. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील शाखेत डेव्हिड स्मिथ, शेल्डन शुल्ट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली असा पदार्थ तयार केला. २००१ साली त्याचा लोलक बनवून त्यातून सेकंदाला १,०५० कोटी कंपनांचे, म्हणजे सुमारे २.९ सेंटीमीटर लांबीचे तरंग सोडण्यात आले. तरंग विरुद्ध बाजूस वळले. मोजलेला वक्रीभवनांक सुमारे उणे २.७ भरला.

या प्रयोगासाठी कोणती सामग्री लागली? इलेक्ट्रॉनिक उपकरणांत असतात तशा काचतंतूंच्या पातळ पट्ट्या आणि त्यांवर छापलेली तांब्याची कडी व रेषा. ही कडी सुमारे ५ मिलिमीटरच्या अंतराने, म्हणजे तरंगलांबीच्या सहाव्या हिश्श्याच्या आसपास, मांडलेली होती. तीस वर्षे जो पदार्थ अशक्य वाटत होता, तो अखेर नेहमीच्या वापरातील साहित्यातून घडला. उणीव साहित्याची नव्हती, मांडणीच्या कल्पनेची होती.

अदृश्यतेची कथा

वक्रीभवनांक हवा तसा घडवता येतो हे सिद्ध झाल्यावर २००६ साली पेंड्री, शुरिग आणि स्मिथ यांनी एक धाडसी योजना मांडली. उल्फ लिओनहार्ट यांनीही त्याच वर्षी स्वतंत्रपणे तशीच कल्पना मांडली. नदीतील दगडाला वळसा घालून पाणी पलीकडे पुन्हा एकत्र येते व थोड्या अंतरावर दगडाची खूणही राहत नाही. एखाद्या वस्तूभोवती वक्रीभवनांक टप्प्याटप्प्याने बदलत नेला, तर तरंगही तसाच वळसा घालून जाईल आणि पाहणाऱ्याला मधली वस्तू कळणार नाही.

त्याच वर्षी अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात हा प्रयोग झाला. तांब्याच्या एका नळकांड्याभोवती कड्यांची नक्षी असलेली दहा समकेंद्री कवचे बसवण्यात आली. सुमारे ३.५ सेंटीमीटर लांबीचे तरंग सोडल्यावर नळकांड्याची सावली व परावर्तन बरेच कमी झाले. मात्र पूर्ण नाहीसे झाले नाही. कवचांची उंची जेमतेम एक सेंटीमीटर होती आणि हा परिणाम एकाच ठराविक तरंगलांबीसाठी होता. डोळ्यांना तर ते सारे नेहमीप्रमाणे स्वच्छ दिसत होते.

मोठी वस्तू सर्व रंगांत अदृश्य करणारे आवरण आजवर तयार झालेले नाही. यामागे केवळ कौशल्याची उणीव नाही. वळसा घालणाऱ्या तरंगाला सरळ जाणाऱ्या तरंगापेक्षा अधिक अंतर तेवढ्याच वेळात कापावे लागते. एखाद्या ठराविक तालासाठी अनुस्पंदनाच्या साहाय्याने हे जुळवता येते. परंतु सर्व तालांसाठी ते एकाच वेळी जुळवणे निसर्गनियमांच्या चौकटीत बसत नाही. ‘अदृश्य वस्त्र’ हे शब्द वाचताना ही मर्यादा स्मरणात ठेवावी.

भिंगाची मर्यादा आणि सपाट भिंगे

याहून अधिक आशादायक काम भिंगांच्या क्षेत्रात झाले आहे. सूक्ष्मदर्शकाला तरंगलांबीच्या सुमारे निम्म्याहून बारीक तपशील दिसत नाही, हे अर्न्स्ट अॅबे यांनी १८७३ साली सांगितले होते. अतिसूक्ष्म तपशील वाहून नेणारा तरंगाचा भाग वस्तूपासून थोड्याच अंतरावर विरून जातो, म्हणून ही मर्यादा येते. ऋण वक्रीभवनांकाची पट्टी विरणाऱ्या या भागाला पुन्हा बळ देऊ शकेल, असे पेंड्री यांनी २००० साली दाखवले. २००५ साली बर्कली येथील संशोधकांनी चांदीच्या केवळ ३५ नॅनोमीटर जाडीच्या थराचा उपयोग करून, ३६५ नॅनोमीटर लांबीच्या प्रकाशाने सुमारे ६० नॅनोमीटरचे तपशील टिपून दाखवले. यासाठी वस्तू त्या थराला अगदी लागून असावी लागते, ही अट मात्र आहे.

प्रकाशाच्या क्षेत्रात धातू वापरण्याची मोठी अडचण म्हणजे नुकसान. धातू प्रकाशाचा बराच भाग शोषून त्याची उष्णता करतो. रचनेचा ठोकळा जाड केला की आतून प्रकाश बाहेरच येत नाही. म्हणून संशोधकांनी ठोकळ्याऐवजी एकच पातळ नक्षीदार पृष्ठभाग आणि धातूऐवजी पारदर्शक द्रव्य वापरण्याचा मार्ग धरला. हार्वर्ड विद्यापीठातील फेदेरिको कापासो यांच्या गटाने २०११ साली अशा पृष्ठभागांचा नियम मांडला. २०१६ साली त्यांनी टायटॅनियम डायऑक्साइडच्या केवळ ६०० नॅनोमीटर उंचीच्या खांबांनी दृश्य प्रकाशासाठी सपाट भिंग तयार केले. काचेचे भिंग मध्यभागी जाड व कडेला पातळ असते. जाडीतील फरकामुळे प्रकाश एका बिंदूत येतो. येथे तेच काम खांबांच्या मांडणीने केले. २०२२ पासून अंतर मोजणाऱ्या लहान संवेदकांत अशा सपाट भिंगांचा व्यापारी वापर सुरू झाला आहे.

निसर्गातील जवळचे उदाहरण हवे असेल तर मोराचे पीस पाहावे. त्यातील रंगद्रव्य मूळचे तपकिरी आहे. निळा-हिरवा झळाळ येतो तो त्या द्रव्याच्या सूक्ष्म दांड्यांच्या नियमित मांडणीमुळे. मांडणीतील अंतर किंचित बदलले की रंग बदलतो.

रेडिओ तरंगांच्या क्षेत्रातील उपयोग

तरंगलांबी मोठी असली की रचनाही मोठी चालते व ती घडवणे सोपे जाते. म्हणून प्रत्यक्ष उपयोग रेडिओ व रडारच्या क्षेत्रात अधिक लवकर आले. त्यांचे तीन प्रकार सांगता येतील.

पहिला प्रकार अँटेनांचा. उपग्रहाचा माग घेण्यासाठी तबकडी यंत्राने फिरवावी लागते. नक्षीदार सपाट पाटीतील प्रत्येक घटकाचा प्रतिसाद विद्युत संदेशाने बदलता आला, तर पाटी न हलवताही तरंगांची दिशा बदलता येते. चालत्या वाहनांसाठी व नौकांसाठी अशा पाट्या उपयोगी आहेत.

दुसरा प्रकार शोषक आवरणांचा. आलेले रडारचे तरंग परत न पाठवता गिळून टाकणारी रचना संरक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत मेटामटेरियलवर दीर्घकाळ संशोधन चालू आहे. तेथे विकसित झालेले कापडावर आधारित असे एक आवरण नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘अनालक्ष्य’ या नावाने सादर करण्यात आले. ते डोळ्यांपासून नव्हे, तर रडारपासून वस्तू लपवण्यासाठी आहे, हा भेद ध्यानात घेण्याजोगा आहे.

तिसरा प्रकार परावर्तन वळवणाऱ्या भिंतींचा. डोंगराच्या आड वसलेल्या गावात किंवा दाट इमारतींच्या मागे भ्रमणध्वनीचे तरंग नीट पोहोचत नाहीत. तेथे रेडिओची सावली पडते. भिंतीवर किंवा उंचवट्यावर अशी पाटी बसवावी, की जी आलेला तरंग आरशाप्रमाणे ठराविक कोनात न परतवता आपल्याला हव्या त्या दिशेस वळवील, अशी ही कल्पना आहे. चीनमधील नानजिंग येथील संशोधकांनी २०१४ साली संगणकाच्या आज्ञेनुसार प्रतिसाद बदलणाऱ्या अशा पाट्यांची संकल्पना पुढे नेली आणि आता अनेक देशांत त्यांच्या चाचण्या चालू आहेत. सह्याद्रीच्या दऱ्याखोऱ्यांतील वस्त्यांना तिचा उपयोग होण्याचा संभव नाकारता येत नाही. तथापि अशी पाटी स्वतः तरंग निर्माण करीत नाही. जेथे मनोऱ्याचा तरंग मुळीच पोहोचत नाही, तेथे ती मनोऱ्याची जागा घेऊ शकणार नाही.

दाव्यांची पारख

नवे शास्त्र आले की त्याच्या नावावर नवी विक्रीही सुरू होते. भ्रमणध्वनीवर चिकटवण्याच्या ‘किरणरोधक’ चकत्या, घराला लावण्याचे ‘संरक्षक’ पडदे अशा वस्तूंचा प्रचार आपल्या कानांवर येतो. मेटामटेरियलचे नाव घेऊन कोणी एखादे साधन पुढे केले, तर निर्णय घेणाऱ्याने तीन साधे प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : हे कोणत्या तरंगलांबीसाठी आहे? रचना तरंगलांबीच्या मापाने घडवलेली असते. सर्व तरंगांवर सारखाच परिणाम करणारी रचना असल्याचा दावा संशयास्पद मानावा.

दुसरा प्रश्न : हा परिणाम किती रुंद पट्ट्यात टिकतो? अनुस्पंदनावर आधारलेले गुण अरुंद पट्ट्यातच प्रकट होतात. एका तालावर उत्तम चालणारे साधन शेजारच्या तालावर निरुपयोगी ठरू शकते.

तिसरा प्रश्न : नुकसान किती, आणि ते कोणी मोजले? तरंगाचा किती भाग पलीकडे गेला, किती परतला व किती उष्णतेत गेला, याची मोजणी तटस्थ प्रयोगशाळेत करता येते. आकडे नसतील तर दावा अपुरा आहे.

या प्रश्नांच्या कसोटीवर किरणरोधक चकती लावून पाहावी. भ्रमणध्वनीचे कामच तरंगांवर चालते. चकतीने तरंग खरोखर अडवले तर संभाषण तुटेल, किंवा मनोऱ्याशी संपर्क राखण्यासाठी यंत्र अधिक शक्तीने तरंग सोडील. संभाषण पूर्वीप्रमाणेच निर्वेध चालत असेल, तर चकती तरंग अडवीत नाही असाच त्याचा अर्थ होतो. यासाठी प्रयोगशाळेचीही आवश्यकता नाही. कार्यकारणाचा विचार पुरेसा आहे.

शिक्षकांपुढील संधी

हा विषय वरच्या वर्गांतच शिकवता येईल असे नाही. दोऱ्याला बांधलेल्या दगडाचा प्रयोग माध्यमिक शाळेत सहज होतो. पाण्यातील वाकडी काठी, मायक्रोवेव्ह भट्टीच्या दाराची जाळी आणि मोराचे पीस यांच्या साहाय्याने तरंगलांबी, वक्रीभवन व रचना या तिन्ही कल्पना मुलांच्या मनात रुजवता येतील. खोडदच्या परिसरातील शाळांना तर तबकड्या दुरूनही दिसतात. त्या जाळीच्या का आहेत, हा एक प्रश्न मुलांना पुष्कळ विचार करावयास लावील.

याखेरीज या इतिहासातून धोरणाविषयीही एक बोध मिळतो. वेसेलागो यांचा निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा त्याचा कोणताही उपयोग सांगता आला नसता. तीस वर्षांनी साधने व गणनशक्ती उपलब्ध झाल्यावर तोच निबंध एका नव्या शास्त्राचा पाया ठरला. बोस यांच्या तागाच्या जुड्यांना याहूनही अधिक काळ वाट पाहावी लागली. मूलभूत संशोधनाकडे ‘आज उपयोग काय’ एवढ्याच दृष्टीने पाहिले, तर असे बीज रुजण्यापूर्वीच उपटले जाण्याची भीती असते.

बोस यांच्यापाशी ताग होता आणि रेल्वेचे वेळापत्रक होते. सॅन दिएगोच्या संशोधकांपाशी तांब्याची नक्षी छापलेल्या पट्ट्या होत्या. दोन्ही ठिकाणी हाती असलेल्या वस्तू साध्याच होत्या. मांडणीचा विचार मात्र नवा होता. तो विचार करण्याची सवय लावणे हे शाळेचे काम आहे, आणि त्या सवयीला वेळ व आधार देणे हे समाजाचे व शासनाचे.